आत उघडणारी खिडकी

रावजीने खिडकीच्या झडपेला बांधलेल्या सुंभाचे दुसरे टोक पाळण्याच्या दोरीला गाठ मारून अडकवले, मागे सरून पाहिले आणि सुनेला झोका द्यायला सांगितले. रतनने झोका दिला. पाळणा दूर गेला की झडप उघडे, जवळ आला की धाडकन मिटे. अजून नावही न ठेवलेली नात डोळे मिचकावत छताकडे पाहत राहिली. रतनने पदर तोंडाला लावला. आवडाबाईला नवऱ्याची कसली भीड? ती पोट धरून हसली.

नागावात सगळ्यांच्या खिडक्या बाहेर उघडत आणि आकडीने भिंतीला अडकत. रावजीचीही आधी तशीच होती. पण ती भिंत नेमकी हद्दीवर, आणि पलीकडे धाकट्या भावाचे, भागोजीचे अंगण. सुताराने झडप बसवली त्याच दिवशी भागोजी म्हणाला, दादा, तुझी झडप माझ्या अंगणात येते. रावजीने विचारले, वारा काय तुझ्या बापाचा आहे? बाप दोघांचा एकच, हे बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले आणि तो जास्तच भडकला. सुताराला माघारी बोलावून त्याने झडप आत उघडणारी करून घेतली. तेव्हापासून भावाभावांत बोलणे बंद. अलिबागला संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला दोघे एकाच एसटीने गेले, एक पुढे बसला, एक मागे, आणि सभेत एकच घोषणा दोघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दिली.

नात झाली आणि खिडकी नडू लागली. पाळणा टांगण्याजोगी तुळई त्या एकाच खोलीत. खिडकी मिटावी तर पोर घामोळ्यांनी रडे. उघडी ठेवावी तर मागच्या दाराने शिरलेला समुद्राचा वारा झडप आपटे, ती उसळून परत आली की तिची कड पाळण्याला लागे. नारळाचे सोडण, सोललेली साल, पाचरीसारखे लावून पाहिले, ते उडाले. सुंभाचे काय झाले ते आपण पाहिलेच. शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात गुंडाळून पाट्याचा वरवंटा ठेवला, तेव्हा कुठे झडप जागची हलेना. आवडाबाई वाटणासाठी शेजारणीचा वरवंटा मागू लागली.

बारशाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली,

"भागूभावजींना एक सबुद घाला."

"त्याला पाय न्हाईत?" रावजी म्हणाला.

पाय होते, पण थोरल्या भावाने बोलावल्याशिवाय ते त्या पायरीवर पडणार नव्हते. तसा निरोपच भागोजीच्या मुलीने, नलूने, आणला होता. नलू स्वतः मात्र येणार होती. रावजीला मुलगी नव्हती, तेव्हा नाव ठेवायला आत्या म्हणून तीच. बायकांची ये-जा कधी थांबलीच नव्हती. खरे तर भागोजी यावा असे रावजीला फार वाटत होते. घरातली पहिली नात, आणि तिचा चुलत आजा भिंतीपलीकडे बसून राहणार, हे त्याच्या जिवाला लागले होते. पण शब्द काही तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली बायकांनी भरली. नलूने हात पुढे करून वरवंटा मागितला. बारशाला आधी वरवंट्याला टोपडे घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचा, मग पोर पाळण्यात घालायची, ही चाल रावजी साफ विसरला होता. तो काही बोलायच्या आत आवडाबाईने खिडकीतला वरवंटा उचललासुद्धा.

वरवंटा गोविंद-गोपाळ होऊन हातोहात फिरला. पोर पाळण्यात गेली. तेवढ्यात मागच्या दाराने वारा शिरला, झडप हलली, रतन पाळण्यावर ओणवी झाली. सगळ्याजणी आवाजाची वाट पाहत राहिल्या.

आवाज आला नाही. खिडकीच्या गजांमधून एक हात कोपरापर्यंत आत आला होता आणि त्याने झडप दाबून धरली होती. नारळ सोलून घट्टे पडलेला तो हात कुणाचा, हे खोलीत कुणाला सांगावे लागले नाही. नलूने बापाच्या हाताकडे एकदा पाहिले आणि वाकून पोरीच्या कानात नाव सांगितले. मग मोठ्याने म्हणाली, "बायजा."

बायजा म्हणजे रावजी-भागोजीची आई. खिडकीतला हात झडपेवरून निघाला नाही.

रावजी उठला, घराला वळसा घालून त्या अंगणात गेला. भागोजी एका चिऱ्यावर चवड्यांवर उभा होता. गाल गजांना दाबून त्याने मान वाकडी केली होती.

"दिसतंय काय?" रावजीने विचारले.

"झडप दिसतेय."

रावजी चिऱ्याजवळ आला.

"बाजूला सर. मी धरतो. तू आत जाऊन बघ तिला."

"बोलावतोस काय?"

"व्हय. बोलावतो."

भागोजी चिऱ्यावरून उतरला. रावजी त्यावर चढला, गजांतून हात घातला आणि झडप धरली. त्यालाही झडपेपलीकडचे काही दिसेना. आतून बायकांचा गलका, मग भागोजीचा आवाज, नाक कुणावर गेले याचा निवाडा करणारा. पाठोपाठ स्वयंपाकघरातून पाट्यावर वरवंटा फिरू लागल्याचे ऐकू आले. म्हणजे वरवंटा केव्हाच मोकळा झाला होता, आणि आवडाबाईने तो खिडकीत ठेवला नव्हता.

भागोजीला बाहेर यायची काही घाई दिसत नव्हती. रावजीचा हात अवघडला. त्याने कुणाला हाक मारली नाही, नुसता हात बदलला.