लगबगचं स्थळ

एकतीस वर्षांत चारशे बारा लग्नं जमवली, असं मी अगदी परवापरवापर्यंत कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. पुण्यात सहकारनगरला माझं वधूवर सूचक केंद्र होतं. आणि इथे ऑकलंडला, फ्लॅट बुशमध्ये मुलाच्या घरी आल्यापासून मी पहिल्या चार महिन्यांत अकरा कुत्री उजवली.

हसायचं नाही. काम तेच आहे.

माझी सून अनुया सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि उरलेल्या वेळात एका छोट्या ट्रस्टचं काम करते. इथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद व्हायला आल्यात. मग धावून धावून थकलेल्या त्या कुत्र्यांनी जायचं कुठे? ट्रस्ट त्यांना आणतो, अनुयासारख्यांच्या घरी महिना-दोन महिने ठेवून घराची सवय लावतो आणि मग कायमचं घर शोधतो. या बिचाऱ्यांनी जिना पाहिलेला नसतो, काचेचं दार पाहिलेलं नसतं. आमच्याकडे पहिला आलेला तर वॉशिंग मशीन सुरू झालं की माझ्यामागे येऊन लपायचा.

मी आले तेव्हा अनुया वेबसाइटवर लिहायची, 'शांत कुत्रा, पट्टा लावून नीट चालतो.' मी म्हटलं, "अगं, हे वाचून कोण येणार? शांत तर आपला फ्रिजसुद्धा आहे." तेव्हापासून मी मराठीत लिहायचं आणि तिने त्याचं इंग्रजी करायचं, असं ठरलं. घर बघायलाही मी बरोबर जाऊ लागले. अनुया कुंपणाची उंची बघते, मी माणसं बघते. दारातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कशा टाकल्यात, घरातल्या म्हाताऱ्याशी कोण कसं बोलतं, पोरं आपापली ताटं उचलतात का. घरात मांजर दिसली तर चहा पिऊन नकार; पळतं काही दिसलं की ही कुत्री मागे लागतात.

मग लगबग आली. काळीभोर, सहा वर्षांची. दिवसाचे अठरा तास झोपायची, म्हणून माझ्या मुलाने, वरुणने, हे नाव ठेवलं. गुणी इतकी, की खाणं पुढ्यात ठेवलं तरी 'घे' म्हणेपर्यंत तोंड लावायची नाही. खोट एकच. झोपेत कुणी हात लावला तर दचकून उठायची आणि दात विचकून अंगावर यायची. क्षणभरच, मग आपली आपणच ओशाळायची. जन्मभर पिंजऱ्यात एकटी झोपलेली ती, झोपेतला स्पर्श तिला ठाऊकच नव्हता.

ते मी लिहिलं नाही.

अनुयाने विचारलं तर म्हटलं, "घर बघायला जाऊ तेव्हा सांगू." माझ्या केंद्राची हीच रीत होती. चष्म्याचा नंबर, तापट स्वभाव, असलं काही पहिल्या पत्रात लिहायचं नाही. आधी माणसं एकमेकांना आवडू देत.

न्यू लिनचं स्थळ आलं. नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. लगबगला घेऊन आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. अनुया मागच्या अंगणात कुंपण बघायला गेली, जाताना म्हणाली, "आई, झोपेचं तुम्ही सांगाल ना?" मी हो म्हटलं. इकडे ती मुलगी लगबगच्या गळ्यात हात टाकून बसलेली, आईबापांचे चेहरे फुललेले. जमत आलेलं स्थळ आपल्याच तोंडाने मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांच्या चहाचं कौतुक केलं. अनुया आत आली आणि तिने माझ्या भरवशावर फॉर्मवर सही केली.

नवव्या दिवशी फोन आला. शाळेतून आलेल्या मुलीने झोपलेल्या लगबगला मिठी मारली होती. दात लागला नाही, पण पोर इतकी घाबरली की बाथरूममधून बाहेर येईना. लगबग परत आली. गाडीतून उतरली ती थेट माझ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

ट्रस्टच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा परत आली तर तिला पुन्हा कुठल्याच घरी देणार नाही. ती ट्रस्टच्या शेडमध्येच राहील, म्हणजे जन्मभर पुन्हा पिंजरा. सही अनुयाची होती, म्हणून बोलणीही तिनेच खाल्ली. मला मात्र ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. भांडण मला जमतं, गप्प बसलेल्या माणसापुढे मात्र माझं काही चालत नाही.

त्या दिवशी मला विमल आठवली. चारशे बारांतली एक. मुलाचा राग हाताबाहेर जातो, हे त्याच्या आत्याने मला आधीच सांगितलं होतं. मी ते हातचं राखलं. विमल चार महिन्यांत माहेरी परत आली, ती कायमचीच. आणि मी वीस वर्षं चारचौघांत सांगत राहिले की तिलाच जमवून घेता आलं नाही. लगबगची ती भिंतीकडे वळलेली पाठ बघून मला स्वतःची लाज वाटली. खरंच लाज वाटली.

माझं पुण्याचं तिकीट वीस तारखेचं होतं. हातात साडेतीन आठवडे. मी नवा मजकूर लिहायला घेतला. सुरुवातच अशी: 'हिला झोपेत हात लावला तर ही अंगावर येते. याच कारणाने एकदा परत आली आहे. त्यात चूक तिची नव्हती. जिने हे सांगायचं टाळलं त्या बाईची होती, आणि ती बाई मीच.'

अनुया वाचता वाचता थांबली. "आई, हे शेवटचं ठेवायचं?"

"शब्द न् शब्द ठेव."

दोन आठवडे चिटपाखरू फिरकलं नाही. मग माउंट रॉस्किलहून टेविटाचा फोन आला. मूळचा टोंगाचा, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. बाकी सगळे विचारतात, किती खाते, किती पळते. याने विचारलं, "मग तिला उठवायचं कसं?" मी अनुयाला म्हटलं, "गाडी काढ."

या वेळी लगबगला धरून दारात उभ्या उभ्याच, चपला काढायच्या आधी, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत झोपेचं, न्यू लिनचं, सगळं सांगायला लागले. टेविटाने ओठांवर बोट ठेवलं. मी चिडलेच. आयुष्यात एकदा मी पहिल्या भेटीत खरं बोलतेय, आणि हा गृहस्थ मला गप्प करतोय.

तो हळूच म्हणाला, "आत माझी बायको झोपली आहे."

त्याची बायको लुसी वृद्धाश्रमात रात्रपाळीला असते. आधी याची पहाटेची बस, आता तिची पाळी. या घरात दिवसा कुणी ना कुणी झोपलेलं असतंच, असं तो म्हणाला. त्यामुळे नियम एकच. झोपलेल्याला हात लावायचा नाही. थोडं लांब उभं राहायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं. त्याची नातवंडंसुद्धा हे पाळतात.

आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत बसलो. लगबगने घरभर वास घेतला आणि पॅसेजमधल्या विणलेल्या चटईवर ताणून दिली. दहा मिनिटांत घोरायला लागली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि लुसी बाहेर आली. धिप्पाड बाई, डोळ्यांवर झोप, आणि वाटेतच ती चटई. मी तिला अडवायला खुर्चीतून उठले.

लुसी दोन पावलांवर थांबली. "लगबग," तिने म्हटलं, आणि नुसती उभी राहिली.

लगबगने एक डोळा उघडला. शेपटी चटईवर दोनदा आपटली आणि डोळा मिटून घेतला. लुसी तिला वळसा घालून स्वयंपाकघरात आली, आम्हाला इथल्या पद्धतीने नमस्काराचं 'किया ओरा' म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला वळली. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत, अनुयाने बघितले तर बघितले.

आठवडाभर लगबग त्यांच्याकडे राहिली. एकही तक्रार नाही. आठव्या दिवशी आम्ही फॉर्म घेऊन गेलो. त्यात एक रकाना आहे, कुत्र्यातले दोष घरच्यांना ज्याने सांगितले, त्याने तिथे सही करायची. अनुयाने पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्ही करा, आई."

एवढी लग्नं जमवली, पण माझी सही कशावरही नव्हती. सह्या नवरानवरीच्या, जबाबदारी त्यांच्या नशिबाची, आणि मी आपली पहिल्या पंगतीला. मी पूर्ण नाव मराठीत लिहिलं, प्रमोदिनी चंद्रशेखर दामले. रकान्यात मावलं नाही, बाहेर गेलं. मला माझा अभिमान वाटला. तो तर मला नेहमीच वाटतो, पण या वेळी आत काही टोचत नव्हतं.

लुसीने ती अक्षरं निरखून बघितली आणि विचारलं, "तुम्ही तिकडे काय करायचा?"

अनुयाच घाईने पुढे झाली. "माझ्या सासूबाई लग्नं जमवायच्या. एकतीस वर्षं. तब्बल चारशे—"

"अकरा," मी म्हटलं.

अनुयाने चमकून माझ्याकडे बघितलं. तिने तो आकडा शंभरदा ऐकला होता.

"लग्नं चारशे अकरा," मी लुसीला सांगितलं, "आणि कुत्री बारा."