पत्र्याच्या शेडमधला उसासा

"कंप्रेसरचं बटण बंद कर पोरी, आणि टाकीतली हवा सोडून दे. नळी गळकी आहे. नाहीतर ते धूड एक दिवस आपोआप सुरू होईल आणि कुणाच्या तरी काळजाचं पाणी होईल."

बापाच्या, लॉर्नच्या, दफनाहून परतताना त्याच्या छोट्या विमानांच्या क्लबातला आयव्हर टॅमसिनला म्हणाला होता. तिने मान हलवली, कडेवरच्या लेकीचं, विनीचं, नाक पुसलं आणि विसरून गेली. तिची आई मर्ल आधीच बजावून बसली होती, "बाबांच्या शेडमधल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. जसं आहे तसंच राहू दे." तसंच राहिलं. छताला टांगलेली विमानं, अर्धवट रंगवलेला पंख, रंग उडवायची पिचकारी आणि कोपऱ्यात तिला हवा पुरवणारा, बटण चालूच राहिलेला कंप्रेसर.

आता त्याच शेडमध्ये अर्धी गल्ली दाटली होती. खिडकीला चादर, अंगाची लाही, मधोमध चहा आणि लॅमिंग्टन केकचं ताट. कंप्रेसरला खेटून, मेलेल्यांशी बोलणाऱ्या व्हॅल्डाबाई बसल्या होत्या. मनगटात एवढी कडी, की परलोकात आधी त्यांचीच वर्दी पोचावी.

"लॉर्न, राजा, आलास का? आला असशील तर श्वास घे!"

"फुस्स्स..."

उसासा. सगळ्यांच्या अंगावर काटा. आणि पाठोपाठ कंप्रेसर धडधडत जिवंत झाला. कुणी रडलं, कुणी क्रूस केला.

"बघा, छाती कशी भरून आली त्याची!" व्हॅल्डाबाई म्हणाल्या. "मर्ल, तो विचारतोय, सुया बंद ठेवल्यास ना? टोचलेल्या शरीराजवळ आत्मा येत नाही हो."

"बंदच आहेत," मर्ल म्हणाली. ओठ कोरडे, गालफडं बसलेली. मांडीवरचा पाण्याचा जग पुन्हा रिकामा.

 फ्रिजच्या दारात आईचं इन्सुलिन न वापरता पडून होतं, हे टॅमसिनने सकाळीच पाहिलं होतं. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर आई बेशुद्ध होऊनच हाती लागेल. तिने आईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"तुला बाप नकोसा झालाय का गं?" एवढंच उत्तर मिळालं होतं.

त्याच सकाळी विनीचा चेंडू काढायला ती कंप्रेसरखाली वाकली, तेव्हा टाकीच्या पोटाला नळासारखी एक छोटी चावी दिसली. तिच्यावर लाल बुटाच्या पॉलिशचा डाग. व्हॅल्डाबाईंचे बूट लालच होते. टॅमसिनने चावी किंचित फिरवली. "फुस्स्स..." तोच उसासा! आणि थोड्या वेळात धडधड. पण सांगून आईला पटणार नव्हतं, दिसायला हवं होतं. तिने भांड्यांचा साबण घट्ट फेसून चावीच्या तोंडात गच्च भरून ठेवला. सभेआधी व्हॅल्डाबाई चावी एकदा चालवून बघतील म्हणून जीव मुठीत धरून बसली, पण बाईंनी फक्त लॅमिंग्टन खाल्लं. पहिल्या उसाशाला थोडा फेस निघालाही असेल, पण अंधारात तो कुणाला दिसणार!

"लॉर्न," बाईंनी पुन्हा हाक दिली, "जाताना एकदा उसासा टाक! सगळे मोठ्याने गा!"

गाणं सुरू झालं. टॅमसिनने उठून खिडकीवरची चादर ओढली. ऊन आत आलं.

"आजी! बाईंच्या बुटातून फेस!" विनी टाळ्या पिटत ओरडली. "आजोबांचे बुडबुडे!"

साबणाचा फेस लाल बुटावरून जमिनीवर उतरत होता आणि व्हॅल्डाबाईंच्या बुटाचं टोक अजून चावीवरच होतं.

"अहो, तो... आत्म्याचा लाळस्राव..." बाई अडखळल्या.

"भांड्यांच्या साबणाला लिंबाचा वास येतो," मागून आयव्हर म्हणाला, "आत्म्यालाही येतो का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकीचे चहाच्या कपात बघायला लागले. टॅमसिनने सगळ्यांदेखत समजावलं. टाकीत दाबून भरलेली हवा असते. ती कमी झाली की बटण स्वतःच मोटर चालू करतं, भरली की बंद. गळक्या नळीमुळे हे कुणी हात न लावताही होत होतं. आईने ते ऐकलं, बाबा आले म्हणाली, आणि ती बातमी व्हॅल्डाबाईंपर्यंत पोचली. मग खालची, टाकीत साचलेलं पाणी सोडायची चावी त्यांच्या पायाला सापडली.

शेड रिकामी झाली. मर्ल खुर्चीतच होती.

"म्हणजे तो नव्हताच?"

"नव्हता, आई."

"एकदाही?"

मर्ल भिंतीला धरून उठली, गुडघ्यावर बसली आणि चावी पूर्ण फिरवली. हवा जाऊ लागली. मोटर धडधडायला लागताच तिनेच बटण बंद केलं. आवाज बारीक बारीक होत संपेपर्यंत तिने टाकीवरून हात काढला नाही. मग ब्लाउजची कड पोटावरून वर केली.

"आण ती सुई. आणि रडू नकोस, पोर बघतेय."

एकट्या माणसाला नुसत्या आवाजाचाही आधार होतो, आणि कुणीतरी त्या आधाराचं दुकान मांडतं. तुमच्या ओळखीत नुकतंच एकटं पडलेलं कुणी असेल, तर वाद घालत बसू नका. आज त्यांच्या घरी जा. चहा मागा, आणि ते औषध खरंच घेतायत का, तेवढं बघून या.