शिळ्या भाताचा रविवार

पहाटे साडेचारला चिझुएने आदल्या रात्रीचा भात वाडग्यात भरला, वर काळं लाखेचं झाकण ठेवलं आणि चौकोनी ताट खिडकीशी, समुद्राच्या बाजूला चटईवर मांडलं. भात गार होता. ताटात मुळ्याच्या लोणच्याच्या दोन फोडी, सुक्या मासळीचा तुकडा आणि मुलाच्या, हिसातोच्या, निळ्या चॉपस्टिक्स.

घरचं माणूस लांबच्या वाटेला गेलं की त्याच्या नावाने रोज पान वाढायचं, ही तिच्या आईची रीत, आईच्या आईची रीत. थोड्या वेळाने झाकण उचलायचं. आत थेंब जमलेले दिसले तर माणूस असेल तिथे खुशाल आहे. झाकण कोरडं निघालं तर काय, ते मोठ्याने बोलायचं नाही. हिसातो मासेमारीच्या बोटीवर गेला त्या दिवसापासून ती त्याचं पान वाढत होती. चार महिन्यांनी एका सकाळी तो बोटीवर कुठेच सापडला नाही, तरी तिने पान बंद केलं नाही. बोटवाले म्हणाले, समुद्राने नेला. चिझुए म्हणाली, आदल्या रात्री बोट बंदराला लागली होती ना, मग उतरला असेल तिथेच. सव्वीस वर्षांचा पोरगा. काम झेपलं नसेल, घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. एवढी लाज कुणाला वाटते, असं तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती.

गरम भातावर झाकण ठेवलं की वाफ धरणारच, हे कळायला फार अक्कल लागत नाही, आणि चिझुए काही खुळी नव्हती. रोजच्या थेंबांना ती भाव देत नसे. तिची सगळी भिस्त रविवारवर. रविवारी पहिली बस गाठून किल्ल्याखालच्या बाजाराला जायचं, म्हणून भात शिजवायला सवड नसे आणि पानात शिळा, गार भात पडे. गार भाताला कुठली आली वाफ? तरी दहाच्या सुमाराला बाजारातून परत येऊन झाकण उचलावं, तर आत थेंब. नऊ वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. ह्या थेंबांवर ती पुढचे सहा दिवस काढायची.

एकदाच जरा गडबड झाली होती. वादळ येणार म्हणून बाजार भरलाच नाही, आणि ती साडेसहालाच घरी परतली. झाकण ठणठणीत कोरडं. नवरा, मोरिकाझू, तेव्हा नुकता उठून चहा घेत बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, "घाई काय आहे तुला? तो अजून उठला नसेल." मग तो तिला शेजारणीकडे दोरखंड मागायला पाठवून स्वतः खिडक्यांना फळ्या ठोकत बसला, आणि दहाला पाहिलं तर थेंब हजर. ही गोष्ट ती बाजारात हसून हसून सांगायची. पोरगा आळशी तो आळशीच, म्हणायची.

आज ती सहा आठवड्यांनी बाजाराला निघाली होती. मोरिकाझू वांग्यांच्या वाफ्यात बसल्या बसल्या गेला. दवाखान्यात न्यायचीही पाळी आली नाही. त्यानंतरचे रविवार दिवसकार्यात गेले. पाहुणे असत, भात गरमच असे. पुढच्या रविवारी त्याचा एकोणपन्नासावा, शेवटच्या मोठ्या विधीचा दिवस होता आणि त्या दिवशी मोरिकाझूच्या नावाची पाटी घरच्या देव्हाऱ्यात बसायची होती. देवळातले बुवा काल येऊन बसले होते. पाटी कोरणारा उद्या दुपारी नावं मागतोय, म्हणाले. मग बराच वेळ चहाचा कप हातात फिरवून त्यांनी विचारलं, एक करायची की दोन? तुम्ही आहात तोवर ठीक आहे, पण तुमच्यामागे ह्या घरात कुणी नाही. देवळाच्या यादीत नाव असेल तर आम्ही दरवर्षी हिसातोसाठी पाठ म्हणू. नाव नसेल तर तो ना इकडचा, ना तिकडचा.

चिझुए म्हणाली, उद्या दुपारी सांगते. तिने मनाशी ठरवलं होतं, आपण कोण सांगणार? उद्या रविवार आहे. काय ते हिसातोलाच सांगू दे.

बाजार नेहमीसारखा ताडांच्या सावलीत रस्ताभर पसरला होता. आल्याचे नवे, गुलाबी कोंब आले होते, टोपल्यांतून लालभडक रानफळं आली होती आणि रताळ्याच्या भज्यांपुढे रांग लागली होती. चिझुएने हिसातोला आवडतात म्हणून कोवळ्या आल्याची जुडी आणि चार काकड्या घेतल्या. पिशवी नेहमीपेक्षा हलकी लागत होती. मग तिच्या लक्षात आलं, नवऱ्याला दारूबरोबर लागणारा रताळ्याचा चखणा घ्यायला आता कारण उरलं नव्हतं.

फुलवाली तोकिमी ऐंशीच्या घरात होती. जिभेला हाड नाही म्हणून अख्ख्या बाजारात तिची ख्याती होती. चिझुएला लांबून पाहून तिने एकसारख्या उंचीच्या पांढऱ्या शेवंतीच्या दोन जुड्या बांधून ठेवल्या होत्या. देव्हाऱ्यातल्या माणसाला फुलं जोडीने जातात, डावीकडे एक, उजवीकडे एक. जित्या माणसाला एकच जुडी. म्हणून चिझुए नऊ वर्षं तोकिमीकडून दर रविवारी एकच जुडी नेत आली होती, हिसातोच्या ताटाशेजारी ठेवायला. तोकिमीने कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि तोकिमीने न बोलणं म्हणजे नवलच.

"ही जोडी त्यांची," तोकिमी म्हणाली. "पैसे नकोत. आणि तुझी नेहमीची?"

"दे ना. एक."

तोकिमीने निळ्या घंटीफुलांची जुडी उचलली, पण हातात दिली नाही. बुवांनी काय विचारलं ते तिच्या कानावर आलं होतं. गावात असल्या गोष्टी बसच्याही आधी पोचतात.

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"घरी जाऊन झाकण बघते. मग सांगते."

"आणि कोरडं असलं तर?"

"आजवर कधी असलंय?" चिझुए म्हणाली.

तोकिमीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग नजर काढून घेऊन, जुडी तिच्या हातात देऊन, बादलीतली फुलं उगाच सारखी करत म्हणाली, "मोरिकाझूसान माणूस फार चांगला होता बाई. तुला त्याची किंमत नव्हती."

चिझुएला राग आला. मेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात. ह्याच मोरिकाझूने, हिसातो गेल्यावर थोड्याच आठवड्यांत, कचेरीतल्या कागदावर सही करून पोराला मेलेला ठरवला होता. त्याच्या डोळ्यांतून एक टिपूस नाही. ती झाकण घेऊन धावत त्याच्यापुढे जायची तेव्हा तो फक्त "हं, आहे ना? बरं झालं" म्हणायचा आणि खुरपं उचलायचा. बापाचं काळीज नाहीच तुम्हाला, असं तिने त्याला किती वेळा ऐकवलं असेल, गणती नाही. आणि बाजार. आठवड्यातला एक दिवस, पोरासाठी चार वस्तू घ्यायच्या, तर नऊ वर्षांत एकदाही हा माणूस बरोबर आला नाही. गुडघे दुखतात, गर्दी सोसत नाही, वांग्यांना पाणी घालायचंय. बाकीचे म्हातारे बायकांच्या पिशव्या उचलून हिंडताना तिने नऊ वर्षं पाहिले होते. तिने ते बोलून बोलून सगळ्या बाजाराला पाठ करून सोडलं होतं.

शेवटचं दुकान कुसुनोसेचं, पावाचं. हाताचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिने तो बसला नव्हता, त्यामुळे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला. त्याने न विचारताच टोपीपाव कागदात गुंडाळला. ह्या भागात तो सगळीकडे मिळतो, मधे गोल फुगा आणि भोवती गोड, कुरकुरीत कड, अगदी टोपीसारखा. हिसातो लहानपणी सगळी कड कुरतडून खायचा आणि मधला फुगा आईच्या हातात ठेवायचा.

"काय, आजही नवऱ्याला घरीच बांधून आलात?" कुसुनोसेने विचारलं. हा त्याचा नऊ वर्षांचा विनोद होता.

"त्यांना कुठलं जमतंय," चिझुए म्हणाली. हे तिचं नऊ वर्षांचं उत्तर. तोंडातून निघून गेलं आणि ते दुरुस्त करायचं त्राण तिच्यात नव्हतं. कुसुनोसे हसला, बरा हात हलवून म्हणाला, पुढच्या रविवारी ओढून आणा त्यांना.

दहाला पाच कमी असताना तिने दार उघडलं. पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, एप्रनला पुसले आणि ताटापुढे गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी झाकण उचललं.

झाकण कोरडं होतं.

तिने ते उजेडात धरलं. आतली काळी लाख लख्ख चमकत होती, तिच्यात तिचाच चेहरा दिसत होता. तिने झाकण परत ठेवलं. घाई काय आहे, ती स्वतःला म्हणाली, तो अजून उठला नसेल. ती तशीच बसून राहिली. साडेदहाला उचललं. अकराला उचललं. भाताची वरची शितं वाळून कडक व्हायला लागली होती. घरात कुठेच आवाज नव्हता. परसातल्या नळाचाही नव्हता.

नळाचा आवाज नाही हे ध्यानात आलं आणि तिने परसाच्या दाराकडे वळून पाहिलं.

ती रविवारी परत यायची तेव्हा मोरिकाझू नेहमी परसात नळाशी असायचा. दर रविवारी. हात धूत असायचा नाहीतर झारी भरत असायचा, आणि त्याची बोटं ओली असायची. ती बोटं सवयीने, लक्ष न देता तिने नऊ वर्षं पाहिली होती. वादळाच्या दिवशी शेजारणीकडे दोरखंड मागायला पाठवलं, तर घरात मोठं दोरखंड होतंच की, कोठीत, खिळ्याला. तिला ते तेव्हाही माहीत होतं.

मग तिला सगळ्यात पहिला रविवार आठवला. कचेरीतल्या सहीनंतरचा. दारात चपला घालता घालता ती नवऱ्याला म्हणाली होती, आज झाकण कोरडं निघालं तर मीही त्याच्यामागे पाण्यात जाते, तुम्ही तुमचं बघा. ते ती रागाने बोलली नव्हती. खरंच ठरवून बोलली होती. आणि ती बाजारात भाजी निवडत होती त्या वेळात, ज्याला पोरगा मेल्याचं पक्कं माहीत होतं, तो माणूस त्याच पोराच्या पानासमोर बसून बोटं पाण्यात बुडवत होता आणि झाकणावर एकेक थेंब बसवत होता. एकदा नव्हे, नऊ वर्षं. ताप असताना. गुडघा सुजलेला असताना. वर तिने दिलेल्या शिव्या खाल्ल्या, काळीज नसल्याच्या.

बाजाराला येणं त्याला कुठलं जमणार होतं.

चिझुए झाकण हातात घेऊन उठली. नेहमीच्या रविवारसारखी ती त्याला दाखवायला गेली, फक्त आज परसात न जाता देव्हाऱ्यापाशी. फोटोतला मोरिकाझू तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघत होता, फोटो काढतानाही त्याला असंच अवघडल्यासारखं व्हायचं. तिने झाकण उलटं करून त्याच्यापुढे धरलं.

"अहो," ती म्हणाली, "आज राहिलं तुमचं."

मग तिला रडू आलं. एका माणसासाठी रडावं तर दुसरा आठवत होता, आणि कुणाचं आधी रडायचं तेही तिला कळत नव्हतं. नवऱ्यासाठी ती सहा आठवडे नीटशी रडलीच नव्हती. पोरासाठी तर नऊ वर्षं राहिलंच होतं. तिने माफी मागायचा प्रयत्न केला, पण ऐकणारा कुणी नव्हता.

दुपारी तिने ताट उचललं. शिळा भात चिमण्यांना टाकला. मोरिकाझूची शेवंती दोन बाजूंना लावून झाली. हिसातोची निळ्या फुलांची जुडी ओट्यावर तशीच पडली होती. तिने तिचा दोरा सोडला, फुलं मोजली, सात निघाली, मग एक बाजूला काढून ठेवलं आणि उरलेली तीन-तीन करून दोन पेल्यांत घातली. दोन्ही बाजूंची उंची सारखी केली. टोपीपावाची कड तोडून बशीत ठेवली. मधला फुगा हातात धरून ती थोडा वेळ बसली, पण खाववेना.

एकला फोन वाजला. बुवांनी हवापाण्याचं विचारलं, जेवलात का विचारलं.

"दोन करा," चिझुए म्हणाली.

बरं, बुवा म्हणाले. कागद सरकवल्याचा आवाज आला. मोरिकाझूसानची तारीख माझ्याकडे आहे, म्हणाले. हिसातोची मागे कचेरीतल्या कागदावर अंदाजाने घातली होती, पण पाटीवर घरचे सांगतील ती घालतात. कोणती घालू?

चिझुएने खिडकीकडे पाहिलं. ताट होतं तिथे चटईवर नऊ वर्षांचा चौकोनी डाग उरला होता.

"आजची घाला," ती म्हणाली.