चित्र पोचेना

चिमीने केबल पुन्हा एकदा उपसून खोचली, आणि पडद्यावरची निळी रेघ पुन्हा होती तिथेच येऊन अडली.

"जा ना मेल्या!" ती सर्व्हरवर खेकसली. त्याला काय, तो आपला घुमत राहिला.

हॉस्पिटलच्या स्कॅनची चित्रं ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पोटातल्या आभासी संगणकात, राहत, ते इथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या चिमीनेच सकाळी या नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. दुपारी तिचा दादा जिन्यात कोसळला. त्याच्या मेंदूचा स्कॅन आता त्याच मशीनमध्ये अडकला होता, आणि तो बघून ऑपरेशनचं ठरवणारे सर्जन होते दुसऱ्या शहरात. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी साफ नाकारला. "अंदाजाने मी कुणाची कवटी उघडायला सांगत नाही," म्हणाले.

वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"चिमे, गेलं का गं?"

"जातंय. तू वर जा, त्याच्यापाशी बस."

"बसू देत नाहीत."

इथून हाक मारली की सर्जनकडचं मशीन ओ देत होतं. रस्ता उघडा, दार उघडं, मग घोडं पेंड खातंय कुठे? दादाचं नाव पोचत होतं, वय पोचत होतं. डोकं तेवढं पोचत नव्हतं.

आणि तिथेच ती थबकली. नाव लहान, चित्र मोठं. माहिती ज्या तुकड्यांनी जाते, त्या पॅकेटांचा आकार ती वाढवत वाढवत पाठवून बघू लागली. लहान पॅकेटं सुखरूप गेली, मोठी वाटेतच गडप झाली. आतली कामं झपाझप व्हावीत म्हणून तिने सकाळी नव्या सर्व्हरवर पॅकेटं मोठी केली होती. बाहेरच्या लाइनीत ती मावतच नव्हती.

"हौस दांडगी माझी!" तिने कपाळावर हात मारून घेतला आणि आकार खाली आणला.

रेघ हलली, धावली, संपली.

"गेलं वहिनी! गेलं!"

वहिनी दारातच मटकन बसली. रडता रडता हसायला लागली.

थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला.

"नेटवर्कवाल्या मॅडम ना? चित्र आलं. अगदी स्वच्छ."

"मग करायचं ना ऑपरेशन?" चिमीच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली.

"मॅडम, तुमचं काम तुम्ही छान केलंत," सर्जन हळू आवाजात म्हणाले. "आता पेशंटचं जवळचं कुणी असेल तर फोनवर बोलवता? आणि हो, आधी त्यांना बसायला सांगा."

बाहेर वहिनी मोबाइलवर सांगत होती, "पोचलं बाई एकदाचं! आता होईल सगळं नीट."

चिमीने उठून दार हलकेच लोटून घेतलं. खुर्ची ओढली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बोला," ती म्हणाली. "मी बसलेय."