इंग्रजीच्या तासाला मराठी बंद

आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकाहत्तर सालची गोष्ट. तिसगावच्या अलीकडं एका वाडीवर मी सातवीला इंग्रजी शिकवायचे. आमचे हेडमास्तर कोंडीराम गुरुजी जुन्या वळणाचे. शब्द, स्पेलिंग, अर्थ, दहादा लिहा आणि घोका! त्यांची पोरं अख्खा धडा धडाधड म्हणायची, पण इंग्रजीत नाव विचारलं की दातखीळ बसायची.

नगरला दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि मी ते सगळं मोडीत काढलं. इंग्रजीच्या तासाला मराठी बंद! अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. 'विंडो' म्हटलं की उठून खिडकीला हात लावायचा. 'गो' म्हटलं की जायचं, 'ब्रिंग' म्हटलं की आणायचं. तोंडातून मराठी निघालं तर त्या दिवशी वर्ग झाडायचा. गुरुजी म्हणायचे, "बाई, हा काय तमाशा मांडलाय?" मांडलाय तर मांडलाय!

यात सगळ्यांत तरबेज चांगुणा. सबंध वर्षात तिच्यावर एकदाही झाडू धरायची पाळी आली नाही. शाळेच्या तपासणीच्या आधी तिचा बाप, श्रीमंत त्याचं नाव, मला म्हणाला, "बाई, सायेब म्हनले पोरगी हुशार हाय, तर धाडतो तिसगावला आठवीला. न्हाई म्हनले, तर औंदाच हळद लावून मोकळा होतो." तेरा वर्षांची पोर हो! आणि तिचं सगळं एका परक्या माणसाच्या शब्दावर!

तपासणीचे साहेब आले. श्रीमंत बाहेर ओट्यावर बसून होता. माझा पाठ बघायचं तर राहिलंच, साहेबांनी थेट चांगुणाला उभं केलं.

"विंडो म्हणजे काय गं?"

चांगुणा गेली, खिडकीला हात लावला. "धिस इज अ विंडो."

"अगं, अर्थ सांग, अर्थ!"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीलाच हात लावला. मराठी बंद, हा माझाच नियम. दाराचं तेच झालं, पुस्तकाचं तेच.

"साहेब, तिला येतंय. आमची पद्धतच—"

"बाई, तुम्ही मधे बोलू नका."

मग पोरांना कळू नये म्हणून ते गुरुजींशी इंग्रजीत बोलले, "धिस गर्ल नोज नथिंग. सेंड हर होम." गुरुजींनी मान हलवली.

"येस, सर," चांगुणा म्हणाली. तिनं दप्तर आवरलं आणि निघाली. वर्षभर तिला मी तेच शिकवलं होतं, सांगितलं की करायचं.

ओट्यावर बापानं अडवलं. "का गं? मधीच कुठं?"

"सायेब म्हनले, हिला काय येत न्हाई, घरी धाडा."

"आगं, मी हितंच बसलोय की. आसं कुनी म्हनलं न्हाई."

"इंग्रजीत म्हनले, दादा."

श्रीमंत उठला, दारात आला. "सायेब, पोर सांगती ते खरं का?"

साहेबांची मान लाल झाली. मला राहवलं नाही. "सांगा की साहेब! खरं म्हणालात, तर तिला इंग्रजी येतं. खोटं म्हणायची छाती आहे का तुमची?"

त्यांनी शेरेबुक ओढलं. 'अध्यापन असमाधानकारक. शिक्षिका उद्धट.' चहा न घेताच गेले. घाला म्हणावं तो शेरा चुलीत! गुरुजी मात्र कपाळाला हात लावून बसले.

"जूनला तिसगावात नाव घालायचं," श्रीमंत लेकीला म्हणाला. "जा, बस वर्गात."

पण चांगुणा उंबऱ्यातच उभी. दप्तर छातीशी धरलेलं. बाप म्हणाला तरी पाऊल आत टाकीना. मला जरा वेळानं उमगलं, तिला इंग्रजीत घरी धाडलं होतं.

"चांगुणा," मी म्हणाले. "कम इन."

तेव्हा ती आत आली.