विहिरीसाठी निवडलेला बोर्ड

मित्रांनो, माझा निळा रंग आता विटला आहे आणि एका कोपऱ्याला जळका डाग आहे. मी मायक्रोकंट्रोलर बोर्ड. म्हणजे अगदी लहानसा संगणक. एक काम शिकवा, तेच करत बसतो. मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते आठवत नाही. आठवतं ते जव्हारच्या एका कॉलेजातलं प्रदर्शन. तिथे मी रंगीत दिवे आळीपाळीने लावायचो आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. एवढ्याशा कामाला टाळ्या जरा जास्तच होत्या, पण मी काही कोणाला थांबवलं नाही. पुढे नवे बोर्ड आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तेव्हा वाईट वाटलं होतं.

त्या कॉलेजात शिकणाऱ्या सपनाने मला मागून घेतलं आणि साखरशेतजवळच्या आपल्या पाड्यावर आणलं.

पाड्याची विहीर खाली ओहोळाच्या काठाला आहे. उन्हाळ्यात तिला पाणी हळूहळू सुटतं, आणि किती साठलं ते वरून कळत नाही. बाया हंडे घेऊन उतरतात आणि पाणी नसलं तर तशाच चढून येतात. सपनाची वहिनी सरू पोटुशी होती, दिवस भरत आले होते. अशाच एका रिकाम्या फेरीत तिला चढणीवर चक्कर आली. तिची फुकटची चढण वाचवायची, एवढंच सपनाने मनाशी धरलं.

सपनाचा भाऊ, म्हणजे सरूचा नवरा हरेश ठाण्याला बांधकामावर जातो. तो शिमग्याला घरी आला तो बहिणीसाठी नवा बोर्ड घेऊन. वायफायवाला, माझ्याहून कितीतरी वेगवान.

"याच्यानं मोबाइलवर मेसेज येल," तो म्हणाला. "तो जुना काय कामाचा? फेकून दे."

मला राग आला. पण बोर्ड रागावला तरी कोणाला कळत नाही.

सपना आम्हा दोघांना विहिरीवर घेऊन गेली. नव्या बोर्डाने नेटवर्क शोधायची धडपड केली आणि त्यातच बॅटरी संपवली.

"दादा, इथं रेंजच नाय," सपना म्हणाली. "मेसेज कुठून येल? मला फक्त पानी हाय का नाय, तेवढंच कळायला हवं."

खरं सांगतो, गावात वीज आणि नेटवर्क असतं तर मीही नव्यालाच निवडलं असतं. तो हुशार आहे. पण इथे कमी खाणारा आणि बराच वेळ झोपून राहणारा हवा होता. सपनाने माझ्यावरचा सतत जळणारा बारका दिवासुद्धा काढून टाकला, तेवढीच बॅटरी वाचली. मग दोन तारा विहिरीत सोडल्या, मला एका डब्यात ठेवून वर सौर पट्टी बसवली आणि लहान मोटरला काडी बांधून तिला लाल फडकं लावलं. पाणी तारांना लागलं की फडकं वर. पाड्यावरून ते स्पष्ट दिसायचं.

बाया फडकं बघून उतरू लागल्या. पुन्हा कौतुक झालं. मी सवयीने ऐकून घेतलं.

आणि एक दिवस फडकं वर गेलंच नाही. सरू वाट बघत बसली. शेवटी घरात घोटभरही पाणी उरलं नाही, तेव्हा ती भर उन्हात उतरली. विहिरीत पाणी होतं. भरला हंडा घेऊन चढताना ती मटकन खाली बसली. हंडा घरंगळत गेला. सपनाने धावत जाऊन तिला सावलीत नेलं. सरू सावरली.

"बोललो होतो, जुना हाय," हरेश म्हणाला.

सपनाने जाऊन डबा बघितला तर तो शेणाने छान सारवलेला होता, सौर पट्टीसकट! माझी बॅटरी उपाशी मेली होती. हे काम हिरीचं, म्हणजे हरेश-सपनाच्या आईचं.

"मुंग्या शिरतील म्हणून सारवला," हिरी म्हणाली. "आपली कणगी नाय का सारवत, तसा."

तिने नागली साठवायच्या कणगीइतकंच मला जपलं होतं. कोणी तिला बोललं नाही. पट्टीला ऊन लागतं हे तिला आधी सांगायलाच हवं होतं. सपनाने पट्टी धुतली, आणि बॅटरी भरल्यावर फडकं पुन्हा हलू लागलं.

त्यानंतर हरेश अंगणात बसला असताना त्याला फडकं वर दिसलं. तो तिथूनच ओरडला, "सरू, निशाण लागलं! हंडा घे!"

सरू भिंतीला धरून उठू लागली.

"बस तू, बाय," हिरी म्हणाली. मग लेकाकडे वळली. "तुला दिसलं ना? मंग तूच जा."

हरेशने इकडेतिकडे बघितलं. मग हंडा उचलला आणि उतरू लागला.

मित्रांनो, कामाला बोर्ड निवडाल तेव्हा काम बघून निवडा, आणि त्याला जपायचं तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. पण माझ्यावर फार भिस्त ठेवू नका. पाणी आलं एवढंच मी सांगू शकतो. ते ज्याला दिसेल, त्याने उठावं.