रुअरीचं जॅकेट

गाडीतून उतरताच मर्डो म्हणाला, "पोरी, ते जॅकेट काढ. माझं जादाचं घाल."

इश्बेलच्या मनात पाल चुकचुकली. जॅकेट तिच्या भावाचं, रुअरीचं होतं. गेल्या फेब्रुवारीत केर्नगॉर्म डोंगराच्या याच पठारावर, असल्याच धुक्यात, रुअरी कड्यावरच्या बर्फाच्या छज्ज्यासकट खाली गेला आणि हिमलोटात गाडला गेला, तेव्हा त्याच्या अंगात हेच जॅकेट होतं. सोबत एकटा मर्डो होता. "होकायंत्र रुअरीच्या हातात होतं, दिशा चुकली," एवढंच तो चौकशीत बोलला. वीस वर्षं डोंगर तुडवलेला रुअरी आणि दिशा चुकणार? मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं होणं सोपं असतं. म्हणून हिवाळ्यातलं वाट काढणं शिकायला ती मुद्दाम मर्डोकडेच आली होती. जिथे घडलं तिथेच त्याच्या तोंडून खरं काढायचं होतं तिला.

"का? बघवत नाही?"

"तसं समज," मर्डो नजर टाळून म्हणाला.

तिने जॅकेट काढलं नाही.

वर पोचेपर्यंत आभाळ आणि जमीन एक झाली. मर्डोने दोघांच्या कमरेला दोर बांधला, नकाशावरून दिशा काढून दिली आणि तिला पुढे घातलं. "पावलं मोज. सहाशेला थांब. आणि होकायंत्र छातीशी नको, हात लांब धर."

लांब धरलं की वाऱ्याने हात हलायचा, काटा दिसेना. तिने ते पुन्हा छातीशी घेतलं. मध्येच मागे वळून पाहिलं, तर मर्डो दुसरं होकायंत्र घाईने मुठीत लपवत होता. इथे नक्की पाणी मुरत होतं.

"कुठे नेताय मला?"

"पुढे तू आहेस."

चारशे दहाव्या पावलाला दोर ताणला. "थांब. बर्फाचा गोळा करून समोर फेक."

गोळा पडलेला दिसायला हवा होता. दिसला नाही. दुसराही दिसला नाही. आठ-दहा पावलांवर जमीन संपत होती.

मर्डोने दोर आवळत तिला बरंच मागे आणलं.

"दिशाच चुकीची दिलीत," ती म्हणाली. "रुअरीलाही अशीच दिलीत ना? बघा, तुमच्याच डोळ्यांनी बघा." तिने होकायंत्र त्याच्या तोंडापुढे धरलं.

काटा फिरला. तिने हात छातीशी आणला, काटा पुन्हा वळला. तिने परत परत करून पाहिलं.

छातीवरच्या खिशाची झडप चुंबकाने बंद होत होती. हातमोजे न काढता उघडते, असं दुकानदाराने कौतुकाने सांगितलं होतं. तिलाच सांगितलं होतं. नाताळच्या भेटीसाठी तिने मग तेच जॅकेट घेतलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याला बर्फातून बाहेर काढलं तेव्हा. होकायंत्र त्या खिशालाच चिकटलेलं होतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"बहिणीने दिलंय म्हणून गावभर दाखवत फिरला होता तो," मर्डो म्हणाला. "मी काय बोलणार होतो, पोरी?"

वर्षभर त्या माणसावर धरलेला राग आता कुठे ठेवावा, ते तिला कळेना. ती बर्फात बसून रडली.

मर्डोने पाठपिशवीतून जादाचं जॅकेट काढून तिच्यापुढे धरलं. या खेपेला तिने ते घेतलं.